मोल्सवर्थ : एका आडनावातला षष्ठीचा प्रत्यय

बखर वाचताना किंवा पेशवाईतले एखादे पत्र लावताना शब्द अडला, की मराठीचा अभ्यासक सहज म्हणून जातो, ‘जरा मोल्सवर्थ काढा’. या वाक्यातला मोल्सवर्थ माणूस नसतो. तो कपाटातला एक जाडजूड ग्रंथ असतो. मराठीत हे नाव इतके पुस्तकाचे होऊन गेले आहे की ते मुळात कोणाचे तरी आडनाव होते, याचे भान क्वचितच राहते. कोशात हजारो शब्दांपुढे कंसातल्या एका अक्षराने हा शब्द संस्कृत, हा फारसी, हा अरबी अशी कुळी सांगितलेली आहे. ज्याने इतक्या शब्दांची कुळी लावली, त्याच्या स्वतःच्या नावाची कुळी मात्र आपण कधी विचारलेली नसते. प्रस्तुत लेखात तेवढीच चौकशी करावयाची आहे. ती करताना असे दिसते की या आडनावाच्या पोटात एक छोटासा षष्ठीचा प्रत्यय दडून बसलेला आहे, आणि नावाचा हजारएक वर्षांचा प्रवास म्हणजे त्या प्रत्ययाचीच कथा आहे.

आरंभी काही मोहक चुका दूर केल्या पाहिजेत. मराठी कानाला या नावात पहिल्यांदा ‘मोल’ ऐकू येते. थोडे इंग्रजी जाणणाऱ्याला शेवटच्या ‘वर्थ’मध्येही मोलच दिसते, कारण आजच्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ किंमत, योग्यता असा आहे. शब्दांचे मोल करणाऱ्या कोशकाराला दोन्ही बाजूंनी मोलाचे नाव मिळावे, हा योगायोग इतका सुरेख आहे की त्यावर विश्वास ठेवण्याची इच्छा होते. इंग्रजी वाचकाची फसगत वेगळी. त्याला ‘मोल’ म्हटले की जमिनीखाली बिळे करीत जाणारा तो मऊ केसांचा, मिचमिच्या डोळ्यांचा प्राणी आठवतो. परंतु या प्राण्यासाठी हा शब्द इंग्रजीत आढळू लागतो तो चौदाव्या शतकात, आणि मोल्सवर्थ हे नाव त्याच्या किमान अडीच शतके आधीपासून लेखी नोंदलेले आहे. तेव्हा हे बीळही बुजवून टाकलेले बरे.

ही जुनी नोंद एका गावाची आहे. इंग्लंडच्या पूर्वेकडील हंटिंग्डनशर परगण्यात मोल्सवर्थ नावाचे एक लहानसे खेडे आहे. हा परगणा १९७४ मध्ये केंब्रिजशरमध्ये विलीन झाला. आज शेजारचे ब्रिंग्टन आणि मोल्सवर्थ मिळून एक ग्रामघटक आहे. विजेता विल्यम याने इंग्लंड जिंकल्यावर १०८६ मध्ये गावोगावच्या जमिनींची जी प्रचंड मोजदाद करविली, ती ‘डूम्सडे बुक’ म्हणून प्रसिद्ध आहे. तीत हे गाव ‘मोलेसवोर्दे’ अशा रूपात येते. हे रूप सोडवले की तीन तुकडे हाती लागतात : ‘मूल’ हे एका माणसाचे नाव, मधला ‘एस्’ हा प्राचीन इंग्रजीतला षष्ठीचा प्रत्यय, आणि ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेली जागा, घरवाडीचे आवार. मूलचे आवार, किंवा आपल्या बोलीत सांगायचे तर मूलची वाडी.

किंमत या अर्थाचा ‘वर्थ’ आणि आवार या अर्थाचा ‘वर्थ’ हे दोन वेगळे शब्द. काळाच्या ओघात त्यांचे लेखन आणि उच्चार एक झाले. आवाराचा ‘वर्थ’ स्वतंत्र शब्द म्हणून इंग्रजीतून केव्हाच नाहीसा झाला, पण गावांच्या नावांत तो टिकून राहिला. लंडनमधले वॉंड्सवर्थ, वॉरिकशरमधले केनिलवर्थ ही त्याचीच उदाहरणे. साहित्याच्या विद्यार्थ्याला यातले सर्वांत जवळचे नाव अर्थातच वर्ड्सवर्थ. कवीच्या आडनावात ‘शब्द’ आणि ‘मोल’ एकत्र यावेत, यावर किती कोट्या झाल्या असतील याला गणती नाही. ते आडनावही यॉर्कशरमधल्या वॉड्सवर्थ या स्थलनामापासून आले असे मानले जाते, आणि त्याच्या मुळाशीही कोणा एका माणसाचे आवार आहे. अर्थ विस्मरणात गेलेल्या ध्वनींना लोकांनी ओळखीचा शब्द चिकटवून दिला. लोकव्युत्पत्ती ही अशी काम करते : ज्या घराचा मालक गेला, त्या घरात ती दुसरा भाडेकरू आणून ठेवते. आपल्या ‘वाडा’ आणि ‘वाडी’ या शब्दांच्या मुळाशीही ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा हा संस्कृत शब्द आहे. ‘वर्थ’शी त्याचे नाते जोडण्याचे मात्र कारण नाही. जमिनीला कुंपण घालून ती आपली म्हणणे, हे सगळीकडच्या माणसाने केलेले आहे. त्यासाठी भाषांचे रक्त एक असावे लागत नाही.

आता हा मूल कोण? मराठीत ‘मूल’ म्हणजे अपत्य, संस्कृतात मुळी. यातले काहीही येथे उपयोगाचे नाही. प्राचीन इंग्रजीत ‘मूल’ म्हणजे खेचर. हा शब्द लॅटिनमधून आलेला. माणसाला हे नाव पडले ते टोपणनाव म्हणून पडले असावे. कोणाचा हटवादीपणा, कोणाचे राबणे, तर कोणाचे मिश्र कूळ त्यात सुचवलेले असेल. या नावाचा एक राजाही इतिहासात होऊन गेला. वेसेक्सचा राजा कॅडवाला याने ६८६ मध्ये केंट जिंकले आणि आपला भाऊ मूल याला तिथे बसवले. दुसऱ्याच वर्षी केंटच्या लोकांनी त्याला बारा सोबत्यांसह जाळून मारले. कॅडवालाने सूड म्हणून केंट पुन्हा उद्ध्वस्त केले. प्रकरण मिटले ते ६९४ मध्ये, वेसेक्सच्या गादीवर इने आल्यानंतर. केंटच्या लोकांनी मूलच्या मृत्यूची भरपाई मोठी रक्कम देऊन केली. त्या काळच्या कायद्यात प्रत्येक माणसाच्या जिवाला त्याच्या दर्जाप्रमाणे किंमत ठरलेली असे, आणि ती मोजली की वैर संपे. म्हणजे ‘मूलचे मोल’ खरोखरच एकदा मोजले गेले होते.

ही कथा सांगण्याचा मोह मला आवरला नाही, पण ती येथे सांगितली ती एका सावधगिरीसाठी. केंटच्या राजाचा आणि हंटिंग्डनशरच्या त्या आवाराचा काही संबंध नाही. आवाराचा मूल हा बहुधा एक साधा भूधारक होता. त्याच्याविषयी इतिहासाला एकच गोष्ट ठाऊक आहे : त्याच्याकडे एक कुंपण होते, आणि ते ‘त्याचे’ म्हणून ओळखले जात होते. आडनावांच्या अभ्यासात सर्वांत मोठा धोका हाच, की गावच्या मूलच्या जागी राजा मूल नेऊन बसवण्याची हौस अनावर होते. आपल्याकडेही प्रत्येक आडनावाच्या मुळाशी एखादे राजकुळ शोधण्याची प्रथा आहेच. व्युत्पत्तीने या हौसेला लगाम घालावयाचा असतो. मोल्सवर्थ हे पुढे उमरावांचे नाव झाले खरे. त्याच्या तळाशी मात्र एक खेचर उभे आहे.

गावाचे नाव माणसाला कसे चिकटले, हा पुढचा प्रश्न. नॉर्मन विजयापूर्वी, म्हणजे १०६६ पूर्वी, इंग्लंडमध्ये बापाकडून मुलाकडे जाणारी आडनावे रूढ नव्हती. एका माणसाला एक नाव पुरत असे. गोंधळ झालाच तर बापाचे नाव, धंदा, गाव किंवा अंगचा एखादा विशेष त्याला जोडला जाई. विजयानंतर जमीनदार कुळांत वंशपरंपरागत नावे स्थिर होऊ लागली आणि पुढच्या तीन शतकांत ती सामान्य लोकांपर्यंत झिरपली. जमिनीचा वारसा सिद्ध करणे आणि करवसुली या दोन गरजा त्यामागे होत्या. लॅटिन कागदांत गावावरून आलेल्या नावापूर्वी ‘दे’ हा शब्द असे : वॉल्टर दे मोल्सवर्थ, म्हणजे मोल्सवर्थचा वॉल्टर. कालांतराने हा ‘दे’ गळाला आणि गाव तेवढे उरले.

मराठी वाचकाला येथे ‘कर’ आठवणे साहजिक आहे. ‘कर’ लावलेल्या आडनावांचा एक गमतीचा नियम आपल्या परिचयाचा आहे. गावात राहणाऱ्या माणसाला गावाच्या नावाने कोणी हाक मारत नाही, कारण तिथे सगळेच त्या गावचे असतात. मनुष्य गाव सोडून दुसरीकडे गेला, की तिथले लोक त्याला त्याच्या जुन्या गावाने ओळखू लागतात. गावावरून आलेले आडनाव हे म्हणूनच बहुधा गाव सुटल्याची खूण असते. सरंजामदारांची गोष्ट थोडी वेगळी; ते गावात राहत नसतील, पण गाव त्यांचे असे. सामान्य माणूस गावाचा होता म्हणून, आणि जमीनदार गावाचा धनी होता म्हणून, दोघेही एकच आडनाव मिरवू शकत. षष्ठीचा प्रत्यय दोन्ही बाजूंनी लागतो : गाव माणसाचे, माणूस गावाचा. म्हणूनच आडनाव एक असले म्हणजे रक्त एक असलेच पाहिजे असे होत नाही.

उमरावांच्या वंशावळी या घराण्याचा आरंभ सर वॉल्टर दे मोल्सवर्थ याच्यापासून करतात आणि तो पहिल्या एडवर्डबरोबर धर्मयुद्धाला गेला होता असे सांगतात. अशा वंशावळीतले पहिले पान नेहमी थोड्या श्रद्धेने वाचावयाचे असते. पुढे मात्र जमीन पक्की होते. सोळाव्या शतकात एक शाखा कॉर्नवॉलमध्ये स्थायिक झाली आणि पेनकॅरो हे तिचे ठिकाण झाले. याच शाखेतला हेंडर मोल्सवर्थ जमैकात रॉयल आफ्रिकन कंपनीचा मुखत्यार होता, म्हणजे गुलामांच्या व्यापाराशी त्याचा थेट संबंध होता. तो जमैकाचा कारभारीही झाला आणि १६८९ मध्ये त्याला बॅरोनेट ही पदवी मिळाली. कॅरिबियन बेटांत मालकाचे आडनाव गुलामाला लागण्याची रीत होती. षष्ठीच्या प्रत्ययाचे याहून क्रूर उदाहरण शोधून सापडणार नाही.

दुसरी शाखा आयर्लंडमध्ये गेली. क्रॉमवेलच्या काळात डब्लिनमध्ये व्यापार करून आणि जमिनी मिळवून तिने बस्तान बसवले. त्या घरातला रॉबर्ट मोल्सवर्थ (१६५६–१७२५) हा डेन्मार्कला इंग्लंडचा दूत म्हणून गेला आणि परतल्यावर १६९४ मध्ये त्याने त्या देशाचे एक वर्णन प्रसिद्ध केले. एके काळी मर्यादित असलेली राजसत्ता १६६० मध्ये पाहता पाहता अनियंत्रित कशी झाली, हे त्यात इतक्या परखडपणे मांडले होते की डेन्मार्कच्या दरबाराने तक्रार केली. स्विफ्टने ‘ड्रेपिअर’ या टोपणनावाने लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रांपैकी एक, १७२४ मधले, याच मोल्सवर्थला उद्देशून आहे. १७१६ मध्ये तो ‘व्हायकाउंट मोल्सवर्थ ऑफ स्वोर्ड्स’ झाला. या बिरुदात दोन गावे आहेत : एक हंटिंग्डनशरमधले, पूर्वजांनी सोडलेले, दुसरे डब्लिनजवळचे, इंग्रजांनी घेतलेले. डब्लिनमधला मोल्सवर्थ स्ट्रीट या घराण्याच्या जमिनीवर वसला.

कॉर्नवॉलच्या शाखेत पुढे सर विल्यम मोल्सवर्थ (१८१०–१८५५) झाला. तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी त्याला वेगळ्या कारणाने ओळखतात : हॉब्जच्या समग्र ग्रंथांचे अकरा इंग्रजी आणि पाच लॅटिन खंड त्याने १८३९ ते १८४५ या काळात संपादित केले. संसदेत त्याने कैद्यांना वसाहतींत हद्दपार करण्याच्या पद्धतीविरुद्ध मोहीम चालवली; १८३७–३८ च्या चौकशी समितीचा तो अध्यक्ष होता आणि त्या समितीने कैद्यांना खाजगी मालकांकडे राबायला देण्याची रीत गुलामगिरीसारखी ठरवली. न्यू साउथ वेल्सकडे कैदी पाठवणे १८४० मध्ये थांबले. हेंडर आणि विल्यम यांच्या मध्ये दीडशे वर्षे आहेत आणि आडनाव एकच. आडनावाला स्वतःचे चारित्र्य नसते, हे लक्षात ठेवण्यासाठी ही जोडी पुरेशी आहे. न्यूझीलंडच्या वसाहतीतही विल्यमचा हात होता. वेलिंग्टनमध्ये त्या देशाची संसद आज मोल्सवर्थ स्ट्रीटवरच उभी आहे.

साहित्यात हे नाव दोनदा गाजले. पहिल्यांदा ‘मिसेस मोल्सवर्थ’ म्हणून. मेरी लुईझा स्ट्युअर्ट (१८३९–१९२१) हिने १८६१ मध्ये मेजर रिचर्ड मोल्सवर्थ याच्याशी विवाह केला. आरंभी तिने ‘एनिस ग्रॅहम’ या टोपणनावाने लिहिले, आणि १८७७ मधले ‘द कक्कू क्लॉक’ हे तिचे मुलांसाठीचे पुस्तक अतिशय लोकप्रिय झाले. १८७९ मध्ये ती नवऱ्यापासून विभक्त झाली. परंतु पुस्तकांवरचे नाव पुढे ‘मिसेस मोल्सवर्थ’ हेच राहिले. लेखन तिचे, कीर्ती तिची, नावावरचा हक्क मात्र संसारातून निघून गेलेल्या माणसाचा. दुसऱ्यांदा हे नाव आले ते थट्टेतून. जेफ्री विलन्स याने लिहिलेल्या आणि रोनाल्ड सर्ल याने चित्रे काढलेल्या, १९५३ पासून निघालेल्या पुस्तकांचा नायक नायजेल मोल्सवर्थ हा शाळकरी मुलगा आहे, आणि त्याची ख्याती ही की त्याला एकही शब्द धड लिहिता येत नाही. कोशकाराच्या आडनावाला शुद्धलेखनाचा शत्रू भेटावा, हा विनोद इंग्रजी वाचकाला तितकासा उमगणार नाही. तो मराठी वाचकासाठीच राखून ठेवलेला आहे.

या सगळ्या काळात ते मूळचे खेडे जागच्या जागी होते. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या शेजारी विमानतळ झाला आणि तिथून अमेरिकन बॉम्बफेकी विमाने उडू लागली. १९८० च्या दशकात तिथे अण्वस्त्रधारी क्रूझ क्षेपणास्त्रे ठेवण्याचे ठरले, तेव्हा शांततावाद्यांनी त्या जागेवर छावणी घातली. फेब्रुवारी १९८५ मध्ये सैनिक आणि पोलीस आणून ती उठवण्यात आली आणि भोवती मैलोगणती तारेचे कुंपण घालण्यात आले. १९८७ च्या अमेरिका-सोव्हिएत करारानंतर क्षेपणास्त्रे गेली. ज्या शब्दाचा मूळ अर्थच कुंपण, त्या नावाच्या गावात हजार वर्षांनी पुन्हा कुंपण हाच भांडणाचा विषय व्हावा, आणि ही जमीन कोणाची हाच प्रश्न विचारला जावा, याला काय म्हणावे?

आता कोशाकडे येऊ. जेम्स थॉमस मोल्सवर्थ (१७९५–१८७१) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातला अधिकारी. त्याच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये आणि सुधारून वाढवलेली दुसरी, सुमारे ६०,००० शब्दांची, १८५७ मध्ये मुंबईत निघाली. मुखपृष्ठावर साहाय्यक म्हणून जॉर्ज आणि थॉमस कँडी या बंधूंची नावे आहेत. शास्त्रीमंडळींपैकी कोणाचेही नाव तिथे नाही. १८२९ मध्येच ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ निघाला होता. तो जगन्नाथशास्त्री क्रमवंत, परशुरामपंत गोडबोले आदी पंडितांनी रचला, आणि आपण त्याला ‘पंडितांचा कोश’ म्हणतो. एकीकडे षष्ठीचे एकवचन, नावासह. दुसरीकडे षष्ठीचे अनेकवचन, नावाविना. मोल्सवर्थला शब्द मिळाले ते शास्त्र्यांकडून. शास्त्र्यांना ते शेतकरी, सुतार, कुळंबिणी, भटजी, वाणी यांच्या तोंडून मिळाले होते. हा सगळा ऐवज ज्या आवारात आणून ठेवला, त्या आवाराला एकाचे नाव पडले.

यात मोल्सवर्थची निंदा करण्याचा हेतू नाही. त्याने राबून एक कुंपण घातले आणि आत जे आणले ते जतन केले, हे ऋण मोठे आहे. १९७५ मध्ये पुण्यात या कोशाचे पुनर्मुद्रण करावेसे वाटले, आणि आज तो संगणकाच्या पडद्यावरही चाळता येतो, ते उगाच नव्हे. सांगायचे एवढेच, की षष्ठीचा प्रत्यय नेहमी अर्धे सत्य सांगतो. हंटिंग्डनशरमधल्या त्या पहिल्या आवारातही मूल एकटाच राबत नसणार. मेख ठोकणारे, गवत कापणारे, गुरे आत घेणारे हात तिथे असतीलच. नाव राहिले एकाचे.

माणसापासून कुंपण, कुंपणापासून गाव, गावापासून घराणे आणि घराण्यापासून ग्रंथ असा या नावाचा प्रवास झाला. शेवटची मजल त्याने मराठीत मारली. इंग्लंडमध्ये ते आजही आडनाव आहे. मराठीत ते जवळजवळ सामान्यनाम झाले आहे. यापुढे कोणी ‘मोल्सवर्थ काढा’ म्हणाला, तर शब्द शोधण्यापूर्वी त्या नावाच्या मधला ‘स’ जरा वेळ पाहावा. तो ‘चा’ आहे. आणि ‘कोणाचा?’ हा प्रश्न विचारल्यावाचून कोणताही कोश पुरता वाचून होत नाही.